सेल्वीच्या पानातली रिकामी जागा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही — म्हणजे धीर एवढाच.

तंजावूरला मी भातावरच्या विषाणूंचे जनुकक्रम जुळवते. यंत्र वाचतं ते नुसते तुकडे. ते जोडायचे, मग सगळे नमुने शेजारी ठेवून संगणक त्यांचा वंशवृक्ष काढतो. पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा मी जेवायचं विसरले. डोळ्यांना न दिसणारा जीव — स्वतःची नक्कल करताना चुकतो, आणि ती चूक त्याच्या लेकरा-नातवंडांत उतरते. रोग कुठल्या शेतातून कुठे गेला, ते त्या चुकाच सांगतात. त्याला काही लपवता येत नाही. मला येतं.

सेल्वी आमच्याकडे पीएचडी करत होती. ओरत्तनाडूजवळच्या मामाच्या शेतातून पिवळी पडलेली पानं तिने स्वतः आणली. एका नमुन्यातला मधला मोठा भाग वाचलाच गेला नाही. अशी जागा रिकामी सोडायची — हे मीच तिला शिकवलेलं. पण अहवालाची घाई होती, आणि भोक दिसलं की मला चैन पडत नाही. आमच्या घरी मराठी शब्द अडला की तमिळ घालून वाक्य पुरं करतात. तशी ती जागा मी जुन्या, सर्वांना माहीत असलेल्या विषाणूच्या क्रमाने भरली. कुणाला काय कळणार होतं?

वृक्षात तो नमुना एकटाच मुळाजवळ, जुन्या पूर्वजांशेजारी जाऊन बसला. सेल्वी हरखली — विषाणू मागे, जुन्या रूपाकडे फिरलाय, अक्का. तेव्हाच बोलायला हवं होतं, नाही का? मी म्हणाले, छान. तिने सगळा प्रबंध त्यावर उभा केला. हंगामामागून हंगाम पानं आणली. मागे फिरलेला विषाणू पुन्हा कधी सापडला नाही. "माझा हातच चांगला नाही, अक्का," म्हणाली आणि सोडून गेली. मी अडवलं नाही. अडवलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

आता ती शाळेत शिकवते. पोंगलला न चुकता फोन करते.

परवा मी तो नमुना, जागा रिकामी ठेवून, संगणकावर पुन्हा चालवला. तो मुळाजवळून उठला आणि मामाच्या शेतातल्या भावंडांत जाऊन बसला, जिथला होता तिथे. मी कितीतरी वेळ बघत राहिले — इतका सुंदर वृक्ष मी पाहिलेला नाही.

सेल्वीचा हात चांगला होता.