एकोणिसाव्या वर्षीची सही

दातांच्या लॅबमध्ये तिला सगळे मिलिमीटरबाई म्हणत. कवळ्या बनवणं हे तिचं काम. डॉक्टरांकडून आलेला जबड्याचा साचा हातात घेतला, की हा माणूस कुठल्या बाजूने चावतो, झोपेत दात खातो का, हे ती पेशंटचं तोंडही न बघता सांगायची. कवळी अर्धा मिलिमीटर उंच झाली तरी ती पुन्हा मेण वितळवायला बसे. परदेशात राहून तिला चौदा वर्षं झाली होती आणि या काटेकोरपणावरच तिथे तिचं बस्तान बसलं होतं.

मायदेशी तिचं एक बँक खातं होतं. एकोणिसाव्या वर्षी पहिली नोकरी लागली, तेव्हा बाबांनी स्वतः सोबत येऊन उघडून दिलेलं. ती परदेशी गेली तरी बाबा त्यात दर महिन्याला थोडेथोडे पैसे भरत राहिले. परत यावंसं वाटलं तर पोरीच्या हाताशी असावेत, एवढंच त्यांचं म्हणणं. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून त्या खात्यात ना पैसा आला, ना गेला. तिने त्याला कधी हात लावला नाही. का, ते तिलाही धड सांगता आलं नसतं.

मग एका मंगळवारी आत्याचा फोन आला. बाबांच्या मागे त्या घरात आता आत्या एकटीच राहत होती.

"अगं, तुझ्या नावाने बँकेची पत्रं आलीत. तीन."

"तीन? कधीपासून?"

"पहिलं आलं त्याला चार-पाच महिने झाले असतील. मला वाटलं जाहिराती आहेत. आज चष्मा बदलून आणला, म्हणून वाचलं. खातं पडून आहे म्हणे, बंद करणार आहेत. पुढच्या महिन्याची नऊ तारीख दिली आहे."

मिलिमीटरबाईने बँकेला फोन लावला. पलीकडून गाणं सुरू झालं, ते सव्वीस मिनिटं वाजत राहिलं. अखेर एक मुलगी बोलली. ओळख पटवायला तुमच्या नंबरवर ओटीपी पाठवते, म्हणाली. पण खात्याला जोडलेला नंबर चौदा वर्षांपूर्वीचा. तो आता कुणाचा आहे, देव जाणे.

तिने आपल्याच जुन्या नंबरवर फोन केला. एका प्लंबरने उचलला.

"म्हणजे त्या तुम्ही का!" तो म्हणाला. "ताई, बँकवाल्यांनी वीट आणलाय मला. पाइपाखाली डोकं घालून पडलेला असतो आणि फोन वाजतो. तुमचं खातं निष्क्रिय आहे, म्हणे. अहो, मी तर दिवसभर राबतोय!"

"भाऊ, एक काम करा. आत्ता एक ओटीपी येईल, तेवढा मला वाचून दाखवा."

पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज आला.

"ते नाही जमायचं, ताई. ओटीपी कुणालाही सांगू नका, असं त्यातच लिहिलेलं असतं. मागे एकदा सांगून बसलो होतो, तीन महिन्यांची कमाई गेली."

माणूस बरोबरच बोलत होता.

मग तिने रीतसर अर्ज टपालाने पाठवला. बारा दिवसांनी तो परत आला: सही जुळत नाही. तिने फोन करून विचारलं, "मग जुनी सही दाखवा, तशी करून पाठवते."

"सॉरी मॅडम, सही दाखवता येत नाही. सुरक्षेचा प्रश्न असतो."

"अहो, माझीच सही आहे ना ती?"

"तेच तर सिद्ध व्हायचं आहे, मॅडम."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोकांचे पडलेले दात जसेच्या तसे उभे करणारी बाई ती, आणि तिला स्वतःची सही आठवेना. जेवणाच्या सुटीत ती कागदामागून कागद भरत बसली. आडनाव पूर्ण होतं की नुसतं अक्षर? खाली रेघ होती का? त्यातल्या त्यात बरी वाटलेली सही करून तिने दुसरा अर्ज धाडला. तोही परत आला. आता स्वतः शाखेत येण्यावाचून मार्ग नव्हता.

"जेवढे पैसे खात्यात आहेत, त्याहून विमानाचं तिकीट महाग आहे," नवरा म्हणाला.

"ठाऊक आहे मला."

"मग?"

"मग काही नाही. सुटी टाकली आहे मी."

सहा तारखेला दुपारी ती विमानतळावरून बॅगेसकट थेट बँकेत गेली. काउंटरमागच्या अधिकारीणबाईंना जबरदस्त सर्दी झाली होती. नाक पुसत त्यांनी कागद चाळले. आधी फोन नंबर बदलावा लागेल, म्हणाल्या, आणि त्यासाठी तो नंबर सध्या ज्याच्याकडे आहे, त्याची लेखी संमती हवी.

"त्याने इथे यायचं?"

"हो. ओळखपत्र घेऊन."

पुढचे दोन दिवस बँकेला सुटी. नऊ तारखेला सकाळी प्लंबर अर्ध्या दिवसाचं काम सोडून खरंच आला. अंगावर कामाचेच कपडे, पायात चिखलाचे बूट. फोनवर अनोळखी माणसाला नकार देणारा हा माणूस, ताई एवढ्या लांबून आल्या आहेत म्हटल्यावर एका शब्दाने नाही म्हणाला नाही. त्याने संमती लिहून दिली, दोन ठिकाणी अंगठाही उठवला. अधिकारीणबाईंनी खातं उघडायला बटण दाबलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"खातं बंद झालंय. पैसे मुख्य कार्यालयाकडे गेले."

"आज नऊ तारीख आहे," मिलिमीटरबाई म्हणाली.

"हो, पण नऊ लागली की सिस्टिम आपोआप बंद करते. म्हणजे तसं पाहिलं तर मुदत आठलाच संपली."

"आठला बँक बंद होती!"

ती खुर्चीत मटकन बसली. आणि मग प्लंबर भडकला. "चार वर्षं तुम्ही माझं डोकं खाल्लं," तो म्हणाला. "यांना सांगायचं ते मला सांगत बसलात. आता ही बाई सातासमुद्रापलीकडून येऊन तुमच्यासमोर बसली आहे, तर तुमचं यंत्र म्हणतं नाही! अहो, माणसं ना तुम्ही?" रांगेतले लोक वळून बघू लागले.

अधिकारीणबाईंनी एकदा साहेबांच्या केबिनकडे पाहिलं आणि मग संगणकाचा पडदा हळूच तिच्याकडे फिरवला.

"दाव्याचा अर्ज करावा लागेल," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "त्यावर सही मात्र अशीच हवी."

पडद्यावर तिचं संपूर्ण नाव होतं. शाळकरी, गोल अक्षरांत. मधोमध बाबांचं नाव, तेही पूर्ण, एकही वेलांटी न गाळता. खाली रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. कसली घाई नव्हती त्या मुलीला. मिलिमीटरबाईने पडद्याकडे टक लावून पाहिलं, अक्षरांचा कल मनात धरला आणि एका दमात सही केली. अधिकारीणबाईंनी दोन्ही ताडून पाहिल्या. फरक सापडला नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर ती बँक कसली? अर्जासोबत हयातीचा दाखला हवा होता. तो मिळवायला ती आणखी तीन दिवस एका सरकारी कचेरीत हयात असल्याचं सांगत फिरली. आत्याकडे राहणं झालं, हाच काय तो फायदा. त्या दिवसांत दोघींनी बाबांचं कपाट आवरलं आणि त्यांचा एक स्वेटर ती घेऊन गेली.

पैसे पाच महिन्यांनी आले, व्याज न धरता आणि खातं बंद करण्याचं शुल्क कापून. पाठोपाठ बँकेचा निरोपही आला: आमची सेवा कशी वाटली, शंभर अक्षरांत कळवा. ती दुपारभर खपून मजकूर शंभरात बसवत होती. पाठवण्याआधी तिने तो आत्याला फोनवर वाचून दाखवला.

"शेवटचा शब्द काढून टाक गं," आत्या म्हणाली. "दादा असता तर रागावला असता."

तिने तो तसाच पाठवला.