कॉम्प्युटर मध्येच बंद काऊन पडते

मेहकरच्या कॉलेजात मी ग्रंथपाल होतो, तेव्हा माझ्या टेबलावरचा कॉम्प्युटर दिवसातून तीन-चारदा आपोआप बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. पुस्तकांच्या नोंदी चालू असायच्या आणि एकदम पडदा काळा! शिपाई म्हणाला व्हायरस, हेडक्लार्क म्हणाले विंडोज नवीन टाका. मी मशीनच्या म्हातारपणावर खापर फोडून मोकळा झालो होतो.

शेवटी संगणक प्रयोगशाळेतल्या सहायक बाईंना बोलावलं. सुलतानपूरहून रोज एस.टी.नं येणाऱ्या, चाळिशीच्या, बेताचं बोलणाऱ्या. मी व्हायरसचं सुरू करताच म्हणाल्या, "थांबा सर. आधी त्यालेच विचारू."

कॉम्प्युटर स्वतःच्या नोंदी ठेवतो, हे मला तेव्हा कळलं. बाईंनी ती यादी उघडली. प्रत्येक वेळेपुढे तेच : नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला.

"अपडेटनं झालं असतं तर इथं तसं आलं असतं," त्या म्हणाल्या. मग कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावून पाहिला. "गरमही नाही. करंट तुटून राह्यला वाटते."

"पण लाइट तर जात नाही. पंखा चालूच असतो."

"हाव. म्हणून तर पाहा लागते."

दुसऱ्या दिवशी मोकळ्या तासाला त्या माझ्या मागे खुर्ची टाकून बसल्या. "तुमी तुमचं काम करा. मी नुसती पाहून राह्यली."

मला अवघडल्यासारखं झालं. एक मुलगी कार्डावर शिक्का मागायला आली. मी खालच्या ड्रॉवरमधून शिक्का काढला आणि पडदा काळा. बाईंनी कागदावर वेळ लिहिली. थोड्या वेळानं दुसरा विद्यार्थी आला, पुन्हा तेच. मग त्या म्हणाल्या, "सर, आता उगीच ड्रॉवर उघडा बरं."

मी ओढला. पडदा गेला.

पदर खोचून, मोबाइलचा टॉर्च घेऊन त्या सरळ टेबलाखाली शिरल्या. ड्रॉवरची मागची फळी निखळून लोंबत होती आणि ड्रॉवर हलला की मागे भिंतीवरच्या बोर्डातल्या प्लगला धक्का देत होती. म्हणजे इतके महिने मीच मशीन बंद करत होतो!

तेवढ्यात प्राचार्य डोकावले. "सापडलं का काही?"

मी बाईंकडे पाहिलं.

"बोर्डातला प्लग सैल होता सर," बाई हात झटकत म्हणाल्या. "वायरमनले सांगून बोर्ड बदलून घ्या."

ते गेल्यावर मी विचारलं, "ड्रॉवरचं का नाही सांगितलं?"

"ड्रॉवर तर उघडाच लागते, सर. प्लग सैल नसाले पायजे."

घंटा झाली तशा त्या पुढच्या तासाला निघून गेल्या. कॉलेजात हुशार माणसं मी पुष्कळ पाहिली. कारण हाती लागल्यावरही समोरच्याचा मान राखणारी फार थोडी.

दुसऱ्या दिवशी घरून हातोडी नेऊन मी ती फळी ठोकून घेतली.