पाहुण्यांसाठीचं पाणी

आमची बेल्डन काउंटी, म्हणजे आमचा जिल्हा, सबंध अमेरिकेत राहायला सगळ्यात स्वस्त, असं कुठल्याशा संकेतस्थळानं जाहीर केलं, त्या वर्षी कोर्टाच्या इमारतीवर भला मोठा फलक लागला. त्यावर डोंगर, धुकं, आणि खाली "इथे आयुष्य परवडतं" अशी अक्षरं. घरं स्वस्त होती यात खोटं काही नव्हतं. खाणी बंद पडल्या, तरणी पोरं नदीपलीकडे ओहायोत कामाला गेली, मागे उरलेल्या घरांना गिऱ्हाईक कुठून येणार? पण दूध, पेट्रोल आणि औषधं यांना आमच्या गरिबीची खबर कुणी दिली नव्हती. ती शहराच्याच भावानं यायची आणि वर डोंगर चढून आल्याचे दोन पैसे जास्त घ्यायची. दवाखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. छातीत दुखायला लागलं तर माणसाला तासभराचा घाट उतरून पलीकडच्या काउंटीत न्यावं लागे, आणि घाटातच जे व्हायचं ते होऊन जाई. फलकवाल्यांनी हे कशाला लिहावं?

ओलेटा व्हिट या बाईची ही गोष्ट आहे. केंटकीच्या या डोंगरात तिचा जन्म गेला. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं हजारो पोरांना जेवू घातलं, मग शाळाच दुसऱ्या शाळेत विलीन झाली आणि ओलेटा घरी बसली. नवरा कोळशाच्या धुळीनं छाती भरून गेला होता. तिचं पत्र्याचं घर एका पुरात ओढ्यानं नेलं, तेव्हा खोऱ्याच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या एस्टिल टर्नर नावाच्या म्हाताऱ्यानं तिला आपल्या घरातली मागची खोली दिली. म्हातारा एकटा होता आणि त्याचे पाय गेले होते. नात्याचा नव्हता, पण आमच्याकडे म्हाताऱ्या शेजाऱ्याला काकाच म्हणतात. बारा वर्षं ओलेटानं त्याचं केलं. जेवण, अंघोळ, औषध, सगळं. पगाराची गोष्ट त्यानं एकदा काढली, तेव्हा दोन दिवस ती त्याच्याशी धड बोलली नाही.

शेवटच्या वर्षी एस्टिलनं तिला बोलावून सांगितलं, की माझ्यामागे हे घर तुझं, गावातला वकील बोलावतो आणि कागद करून टाकतो. ओलेटाला ते झोंबलं. म्हाताऱ्याच्या उशाशी बसून कागद करून घेणारी बाई म्हणजे काय, हे या खोऱ्यात कुणाला सांगावं लागत नाही. अशा बाईच्या मागे तिच्या पोराबाळांनासुद्धा ते ऐकावं लागतं.

"काका, मी तुमचं जेवण कागदासाठी रांधलं का?" ती म्हणाली. "तुम्ही बोललात, मी ऐकलं. झालं की."

एस्टिल मेला. त्याचा एकुलता वारस म्हणजे सिनसिनाटीचा पुतण्या, डॅरेल. माणूस वाईट म्हणावा तर तसाही नाही. मातीला आला, थडग्यापाशी खरंखुरं रडला, ओलेटाच्या हातचं जेवला. मग पोर्चवर टोपी हातात फिरवत म्हणाला, "ओलेटा मावशी, काका तसं म्हणाले असतील. मी नाही म्हणत नाही. पण लिहिलेलं काही नाही ना? घरी गेल्यावर बायकोला मी सांगू काय?" मग त्यानं भलेपणानं विचारलं, की तुम्हीच घेता का विकत, तुम्हाला कमी करून देतो. ओलेटाकडे त्याच्या निम्मे पैसेही नव्हते. मग त्यानं त्याहून भलेपणानं सांगितलं, की घर विकलं जाईपर्यंत खुशाल राहा, फक्त बघायला लोक येतील तेव्हा जरा नीटनेटकं ठेवा. म्हणजे बाईनं आपल्याच हातांनी झाडून-पुसून आपल्याला घराबाहेर काढायचं. मला डॅरेलचा राग येतो तो या भलेपणाचा. उघड चोराला माणूस निदान शिवी तरी देऊ शकतो.

गिऱ्हाईक येईल असं तिला खरं तर वाटत नव्हतं. या घरात एक गोष्ट अशी होती, की ती कळली असती तर कुणी दारातूनच परत गेलं असतं. ती म्हणजे नळ. खाणीच्या पोटातलं काय काय आमच्या पाण्यात उतरलंय ते देव जाणे. नळ सोडला की पाणी आधी नारिंगी येतं, मग पिवळं, आणि त्याला जुन्या खिळ्यांचा वास येतो. पांढरा कपडा त्यात एकदा बुडवला की गेला. काउंटीचं बिल मात्र वेळेवर येतं. म्हणून हमरस्त्याच्या कडेला डोंगरातून एक पाइप बाहेर काढलाय, त्यातून बारमाही झरा वाहतो, तिथं आम्ही सगळे गाड्या थांबवून कॅन भरतो. रविवारी चर्चपेक्षा तिथं गर्दी जास्त असते. प्यायला, रांधायला ते पाणी. नळाचं फक्त धुण्याला, तेही गडद रंगाच्या कपड्यांना.

एप्रिलमध्ये डॅरेलचा फोन आला, की कॅलिफोर्नियाचं एक जोडपं शनिवारी येतंय. त्या संकेतस्थळावर काउंटीचं नाव वाचूनच त्यांनी घर शोधलं होतं. ओलेटानं ही बातमी शेजारच्या व्हर्नाला सांगितली. व्हर्ना तिची लहानपणची मैत्रीण, तोंडाची फटकळ.

व्हर्ना म्हणाली, "खोटं बोल असं मी म्हणत नाही. खरंच बोल. नळ सोड त्यांच्यासमोर आणि बाजूला उभी राहा. एक शब्द बोलू नकोस."

"आणि मग ते त्यांच्या गावी जाऊन सांगतील, की डोंगरातली माणसं गटार पितात."

"सांगू दे की. तुझ्या डोक्यावर छप्पर राहतंय ना?"

ओलेटा हो म्हणाली. नळ सोडायचा, असं तिनं शनिवार सकाळपर्यंत अगदी पक्कं ठरवलं होतं.

ओलेटा सात-आठ वर्षांची असताना खोऱ्यात टीव्हीवाले आले होते. ती ओढ्यात खेळत होती, म्हणून बूट काठावर काढून ठेवलेले. चांगले बूट होते, बापानं खाणीत जादा पाळी करून घेतलेले. टीव्हीवाल्यांनी तिच्या चिखलाच्या पायांचं चित्र घेतलं, बूट दिसणार नाहीत असं, आणि सबंध देशाला दाखवलं. मग महिनाभर कुठून कुठून जुन्या बुटांची खोकी घरी येत राहिली. बापानं ती सगळी शेगडीत घातली. बाप रडतोय की धुरानं डोळे चुरचुरतायत, हे पोरीला कळलं नाही. पण परक्यासमोर आपलं उणं काढायचं नाही, हे तिला त्या दिवशी कळलं. हे एकट्या तिचं नव्हे. आमच्या डोंगरातल्या कुठल्याही माणसाला बाहेरच्यानं विचारू दे, कसं चाललंय? तो म्हणेल, मस्त. घर जळत असलं तरी म्हणेल.

जोडपं आलं. नवऱ्याचं नाव क्रेग, बायको मेरेडिथ, दोघंही नुकतीच नोकरीतून मोकळी झालेली. दुपारची वेळ, घाटातून आलेली, उपाशी. दारात आलेल्या उपाशी माणसाला न जेवता पाठवणं ओलेटाला शक्यच नव्हतं, मग तो आपलं घर न्यायला आलेला का असेना. तिनं घेवड्याची पातळ उसळ वाढली, लोखंडी तव्यातला मक्याचा गरम पाव, वर चिरलेला कांदा. दोघं बोटं चाटत जेवली. मेरेडिथनं पडदे चाचपून पाहिले, खिडकीतून डोंगर पाहिला आणि म्हणाली की या दृश्यासाठी आमच्याकडे लोक किडनी विकतील.

मग क्रेगनं विचारलंच. "पाण्याचं कसं आहे इथं?"

ओलेटा उठली आणि मोरीपाशी गेली. तिचा हात नळावर होता. तेवढ्यात मागून मेरेडिथ हसत म्हणाली, "मी बहिणीला सांगितलं इकडे जातोय, तर ती म्हणते काय, अगं, तिथली माणसं अजून अनवाणी फिरतात ना?"

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. उलट बहीण किती अडाणी, असंच तिला म्हणायचं होतं. पण ओलेटाचा हात नळावरून निघाला. तिनं खाली वाकून ओट्याखालचा झऱ्याचा कॅन उचलला, पाठ पाहुण्यांकडे ठेवूनच दोन पेले भरले आणि त्यांच्यापुढे ठेवले.

"पिऊन बघा की," ती म्हणाली. "आम्ही काय पितो ते."

दोघांनी पेले रिकामे केले. असं गोड पाणी आयुष्यात प्यायलो नाही, असं क्रेग म्हणाला, आणि ते तर खरंच होतं. मग त्यांनी बाकीचं विचारलं. शेजार? देवमाणसं. दवाखाना? आहे की, डोंगरापलीकडे. पूर? ओढा आहे, आपला आपला वाहतो. एकेका उत्तराबरोबर ओलेटा आपल्याच घराची एकेक वीट काढून त्यांच्या हातात देत होती, आणि मान ताठ ठेवून देत होती. जाताना मेरेडिथनं तिला मिठी मारली. त्यांच्या गाडीची धूळ बसायच्या आत व्हर्ना कुंपणापाशी हजर.

"सोडलास नळ?"

ओलेटा पाहुण्यांचे पेले हातात घेऊन पोर्चवरच उभी होती. व्हर्नानं ते दोन रिकामे पेले पाहिले आणि तिला सगळं समजलं. ती इतकंच म्हणाली, "मग आता बस मान ताठ करून, बाई. बघू कुठे बसतेस." आणि ती निघून गेली. पुढे कितीतरी दिवस त्या दोघी बोलत नव्हत्या.

मे महिन्यात घर विकलं गेलं. ओलेटानं गावात बंद पडलेल्या एका दुकानाच्या माडीवर खोली घेतली. काउंटी स्वस्त असली तरी ती घर घेणाऱ्याला. भाडेकरूला खोल्याच मिळत नाहीत, आणि ज्या आहेत त्यांचे मालक ते ओळखून आहेत. शाळेच्या तुटपुंज्या पेन्शनमधलं निम्म्याहून जास्त भाड्यात जायला लागलं. माडीला पोर्च नव्हता, आणि खिडकीतून समोरचा तो फलक दिसायचा. मग ती हमरस्त्यावरच्या स्वस्त सामानाच्या दुकानात गल्ल्यावर उभी राहू लागली. साठी उलटल्यावर पायांना उभं राहणं सोसत नव्हतं. सकाळी बूट चढवताना तिच्या तोंडून जे शब्द निघत, ते चर्चमधल्या बायकांनी ऐकले नाहीत हे बरं. भाडं आणि औषध दोन्ही भागेनात तेव्हा तिनं रक्तदाबाची गोळी दिवसाआड केली. कुणी विचारलं, कसं चाललंय, तर ती म्हणायची, मस्त.

थंडीच्या सुरुवातीला मेरेडिथ दुकानात आली. ओलेटानं तिला लगेच ओळखलं नाही. चेहरा उतरला होता, आणि मूळचे पांढरे केस पाण्यानं पिवळट झाले होते. तिच्या ढकलगाडीत नुसत्या पाण्याच्या बाटल्या होत्या. ती गल्ल्यापाशी आली आणि रांगेतल्या सगळ्यांसमोर बोलायला लागली. क्रेगच्या अंगावर पुरळ उठलं होतं. ऑगस्टमध्ये त्याच्या छातीत दुखलं, तर घाटात तो आता जातोय की मग जातोय असं झालं होतं. वाचला, पण घाबरून अर्धा झाला होता.

"आम्ही तुमच्या घरात बसून तुम्हाला सरळ विचारलं होतं," मेरेडिथ म्हणाली. "तुम्ही डोळ्यांत डोळे घालून खोटं बोललात. आम्ही तुमचं काय वाईट केलं होतं?"

रांगेत ओलेटाला जन्मापासून ओळखणारी माणसं होती, शाळेत तिच्या हातचं जेवलेली होती. या बाईनंच हिचं घर घेतलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण कुणी तोंड उघडलं नाही, कारण पाणी खोटं पाजलं होतं हेही खरंच होतं. ओलेटा एकेक बाटली यंत्रासमोरून सरकवत राहिली. तिला रडू आलं नाही, राग आला. या बाईचा आला, डॅरेलचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या ताठ मानेचा आला. आयुष्यभर कुणाची मिंधी न राहता जगलेली बाई भर बाजारात खोटारडी ठरली होती, आणि त्यापायी घरही गेलं होतं. दोन्ही एकाच पेल्यात.

बाटल्या संपल्या. मेरेडिथनं पैसे दिले, पण ती हलली नाही. मागची रांग तिनं हातानं दुसऱ्या गल्ल्याकडे वळवली आणि आवाज खाली आणला.

"हे बघा, झालं ते झालं. आम्ही घर काढतोय विकायला. शनिवारी ऑरेगनचं एक जोडपं बघायला येतंय. म्हातारी माणसं आहेत, चांगली आहेत. तुम्ही तासभर येऊन बसाल का? नुसतं बोला त्यांच्याशी, आमच्याशी बोललात तसं. मला ते जमत नाही हो, माझ्या तोंडावर दिसतं. तुमच्यावर कुणाचाही विश्वास बसतो. फुकट नको, तुमच्या वेळेचं देऊ काहीतरी."

ओलेटानं तिच्याकडे पाहिलं. हाकलून द्यायचे शब्द तिच्या तोंडाशी आले होते, आणि ते चांगले तिखट होते. मग तिला पहिली तारीख आठवली, आणि माडीच्या मालकाचं दारावर वाजवणं. तिनं गल्ल्याचा खण बंद केला.

"किती द्याल?" तिनं विचारलं.