पायरीशी राहिलेले बूट

माझं शिक्षण चौथीपर्यंत. जे झालं तेवढंच लिहिते.

मालक नवरात्रात देवीच्या डोंगरावर गेले आणि उतरताना कड्यावरून घसरले. नाशिकहून डोंगर चढणारी माणसं दोर घेऊन आली. कुणी अंबडच्या कारखान्यातले, कुणी शाळामास्तर, सगळे रजा टाकून आलेले. मालक सापडले तेव्हा जिवंत होते. त्या लोकांकडे स्ट्रेचर नव्हतं. घोंगडीची झोळी करून उतरवण्यात दिवस गेला, पायथ्याशी येईतो मालक संपले होते. त्यांनी एक पैसा घेतला नाही, पाणी तेवढं प्याले. स्ट्रेचर असतं तर मालक वाचले असते का, हे मी कधी विचारलं नाही.

पुढे दोन वर्षांनी कळलं, तीच माणसं स्ट्रेचरसाठी डोंगरातली शर्यत ठेवताहेत. इगतपुरीकडून निघायचं, चार दिवस पळायचं, रोज दिवस मावळायच्या आत मुक्कामाला पोचायचं. देणगी देणारे ज्याचे त्याने शोधायचे. मी त्यांच्यातल्या मास्तरांकडे गेले.

"मावशी, पळायचंय. नुसतं चालायचं नाही."

"डोक्यावर मेथीचा भारा घेऊन मी बाजार कसा गाठते, ते या एकदा बघायला."

त्यांनी नाव लिहून घेतलं आणि बूटही दिले.

बाजारात माझ्या शेजारी एक फुलवाली बसायची. तिच्याकडे देणगी मागितली तर म्हणाली, "पन्नाशीत हुंदडायला निघाली बया! पुरी पळालीस तर देऊ. मधेच बसलीस तर कवडी नाय." बाकीच्या बायकांनीही तेच धरलं. मी म्हटलं, बरं.

लुगड्याचा काष्टा आवळला आणि निघाले. दोन दिवस चढण, उतार, भाताची खाचरं, परत चढण. लोक विचारतात, मालकांची आठवण येत होती का. नव्हती येत. पायाखाली बघावं लागतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तोच डोंगर आला. पहिल्या पायरीशी वाकले, बूट काढून कडेला ठेवले आणि चढले. त्या डोंगरावर आमच्यातलं कुणी पायताण घालून चढत नाही. मालकही अनवाणीच गेले होते. वर देवीला हात जोडले, कड्याजवळून पुढे गेले, पलीकडच्या अंगाने उतरले. खाली मास्तर वेळ लिहीत बसले होते.

"मावशी, बूट कुठंयत?"

मी पायांकडे बघितलं. आजवर जन्मभर ज्या वाटेने चढायची त्याच वाटेने परत उतरायची. शर्यत पलीकडे उतरते, हे डोक्यातच आलं नाही.

"मी जाऊन आणतो," मास्तर म्हणाले.

"तोवर दिवस मावळंल."

"मग थांबा आता. पुष्कळ झालं."

"थांबले तर फुलवाली काय देईल? झेंडू?"

ते हसले नाहीत. मी निघाले. आधी खडे टोचले, मग काटे. मग काहीच टोचेना. मुक्कामाला पोचले तेव्हा पाय दुसऱ्या कुणाचे असावेत तसे वाटत होते. कुणीतरी चपला देऊ केल्या, पण सुजलेले पाय त्यात जाईनात. चौथ्या दिवशी फडकी गुंडाळून पळाले. सगळ्यांच्या शेवटी पोचले, पण ऊन अजून डोंगरावर होतं. फुलवाली एस्टीने खात्री करायला आली होती. तिने माझे पाय बघितले. "येडी हायस तू," म्हणाली आणि फडकी सोडायला बसली.

बायकांनी शब्द पाळला. बूट मास्तरांनी आठ दिवसांनी आणून दिले. पायरीशी ठेवले तसेच होते, कुणी हात लावला नव्हता.

स्ट्रेचर आलं तेव्हा त्यांनी मला बोलावलं. बांधून बघायला कुणीतरी आडवं व्हायला हवं होतं. मी झाले. छातीवर, कमरेवर, पायांवर पट्टे आवळले. सहा जणांनी उचललं आणि टेकडीवरून खाली आणलं. मी आभाळाकडे बघत होते. अंग कुठे हललं नाही.

"मावशी, कुठं रुततंय का?"

"नाय."

"किती वेळ लागला?" मास्तरांनी घड्याळवाल्याला विचारलं. त्याने सांगायच्या आत मी म्हटलं, "सोडा आता. मेथी काढायचीय."