शिआनचे शिपाई आणि साक्षांकित प्रत

आमच्या झाशीच्या कारखान्यात माल वेळेवर तयार होईल याची गॅरंटी नाही, पण किस्से मात्र ओव्हरटाइम न मागता तयार होतात. त्यात आम्हा चौघांना आठ दिवस चीनमध्ये, शिआनला, नवं मशीन बघायला पाठवलं. मग काय, विचारूच नका!

चौघं म्हणजे आठल्ये साहेब, फोरमन राजपूत जी, दामले आणि मी. दामले झाशीच्या जुन्या मराठी घराण्यातले. पस्तीस वर्षं क्वालिटी चेकिंगमध्ये काढलेली, दोन महिन्यांनी रिटायर.

*

शिआनच्या जुन्या शहराभोवतीचा तट एवढा रुंद, की वर भाड्याने सायकली मिळतात. आम्ही तिघांनी हौसेने घेतल्या. साहेबांना सायकल येत नाही. आता साहेब पायी आणि स्टाफ सायकलवर, हे कुठल्या नियमात बसतं? दोन तास आम्ही सायकली हातात धरून साहेबांच्या मागे चाललो. एक चिनी आजी सायकलवरून जाता-येता घंटी वाजवत होती. शेवटी राजपूत जींना राहवेना. म्हातारीकडे बोट दाखवून बुंदेलीत म्हणाले, "साब, जा डुकरिया तौ तीसरी बेर निकर गई!"

साहेब म्हणाले, "त्यांना काय कामधंदा आहे?"

*

घंटाघर दाखवा, पॅगोडा दाखवा, साहेबांचा शेरा ठरलेला. "आपल्या झाशीच्या किल्ल्यापुढे काहीच नाही!"

साहेब मूळचे नागपूरचे, झाशीत अकरा वर्षं. दामलेंनी अदबीने विचारलं, "साहेब, किल्ल्यात कधी गेला होतात?"

"जायचं कशाला? येता-जाता दिसतो की!"

*

राजपूत जी शुद्ध शाकाहारी. खाऊगल्लीत मोबाइलच्या भाषांतरावर एका दुकानदाराला विचारलं, "भैया, इसमें मांस तो नहीं है ना?" त्याने प्रेमाने मोबाइलमध्ये उत्तर दिलं. मोबाइल बोलला, "चिंता न करें, बहुत सारा है!" त्यानंतर उरलेले सगळे दिवस बिचारे बायकोने दिलेल्या मठरीवर जगले.

*

दामलेंना या सगळ्यात काडीचा रस नव्हता. त्यांना फक्त मातीचे शिपाई बघायचे होते. जुन्या चिनी बादशहाने आपल्याबरोबर पुरून घेतलेली हजारो पुतळ्यांची फौज. कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं होतं, की त्यातला एक चेहरा दुसऱ्यासारखा नाही.

"अरे, जन्मभर एकसारखा माल पास केला," मला म्हणाले. "जरा फरक दिसला की रिजेक्ट. आता एकदा वेगवेगळा माल बघायचाय. पुन्हा मला कोण पाठवतंय इथे?"

सुटी एकच, रविवारची. तीही शेवटच्या दिवशी.

*

रविवारी साहेबांचं आवरेपर्यंत दुपार झाली. टॅक्सीने तासाभरात पोचलो. गेटवरच्या मुलीने पासपोर्ट मागितले.

पासपोर्ट कुठे होते? हॉटेलच्या लॉकरमध्ये! ओरिजिनल कागद वरिष्ठांच्या ताब्यात, ही आमच्याकडची रीत. पहिल्याच दिवशी साहेबांनी आमचे तिघांचे जमा करून घेतले होते आणि प्रत्येकाला झेरॉक्स दिली होती, स्वतःच्या सही-शिक्क्याची. त्यांचा स्वतःचा मात्र खिशात.

मुलीने झेरॉक्स उलटसुलट बघितली आणि परत दिली. साहेबांना वाटलं, शिक्का पुसट आला असेल. बॅगेतून शिक्का काढून तिच्या टेबलावर त्यांनी तिन्ही प्रती पुन्हा साक्षांकित केल्या, तारखेसकट! तिने मान हलवली ती हलवलीच.

हॉटेलला जाऊन येईपर्यंत गेट बंद झालं असतं.

"एकाने तरी जायला हवं," साहेब म्हणाले. "मी सगळ्यांच्या वतीने बघून येतो."

आणि गेले! दामले बाकावर बसून राहिले. मला असा संताप आला, की तो शिक्का उचलून नाल्यात फेकावा.

दोन तासांनी साहेब आले. दामले ताडकन उठले. "साहेब, चेहरे? खरंच प्रत्येकाचा वेगळा आहे?"

"चेहरे कुठले बघणार? ते माझ्या मागे होते. मी सेल्फी काढत होतो. हे घ्या, साठ-सत्तर आहेत."

परतीच्या टॅक्सीत साहेब घोरायला लागले. दामलेंनी त्यांचा फोन हातात घेतला, चष्मा पुसला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणि साहेबांना हळूच स्क्रीनच्या बाहेर सरकवलं. कानामागे एक शिपाई उभा होता. मग दुसरा फोटो, दुसरा शिपाई.

"हा बघ," माझा हात धरून म्हणाले, "ह्याला मिशा आहेत. ह्याला नाहीत."