पुलावर पोरीला झोप लागली

माझ्या मागच्या सीटवर आजवर नवरा बसला, सासू बसली, गव्हाचं पोतंसुद्धा बसलं. पण दुसऱ्याची मुलगी बसवून तापीचा मोठा पूल ओलांडायचा, हे ठरल्यापासून मला अन्न गोड लागेना.

मी सुरतेत, गोडादऱ्यात राहते. शाळेत शिकवते. मोटारसायकल माझ्याकडे आली ती हौसेनं नाही. पांडेसऱ्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये ओल्या फरशीवर नवऱ्याचा पाय सरकला आणि गुडघा असा दुखावला, की सिग्नलला थांबून गाडीचा भार पेलणं त्याला जमेना. गाडी पार्किंगमध्ये धूळ खात उभी राहिली. शेवटी त्यानंच मला सोसायटीच्या मागच्या मैदानात क्लच आणि गिअर शिकवले. सुरतेत मोपेडवर बायका हजारो, पण गिअरच्या मोटारसायकलवर साडी खोचून बसलेली बाई दिसली, की लोक अजून वळून बघतात.

आमच्या दारासमोरचं दार परभणीकडच्या एका कुटुंबाचं. तो बांधकामावर सेंट्रिंगची कामं करतो, ती घरी बसून साड्यांवर खडे चिकटवते. त्यांची एकच मुलगी, दहा वर्षांची. तिला थॅलेसेमिया आहे. अंगात रक्त पुरेसं तयार होत नाही, म्हणून दर काही आठवड्यांनी दवाखान्यात नेऊन बाहेरचं रक्त चढवावं लागतं. बापाला खाडा परवडत नसला, की मीच मुलीला गाडीवर घेऊन जाते, आई बसनं मागून येते. मुलगी मला काकू म्हणते. घरात मराठी, जिन्यात हिंदी आणि मैत्रिणींत गुजराती, असं तिचं बोलणं अखंड चालू असतं.

दर हिवाळ्यात शहरातला मोटारसायकलवाल्यांचा एक गट अशा मुलांसाठी राइड काढतो. वेसूच्या एका मैदानातून निघायचं, प्रत्येक मुलाला एकाच्या मागे बसवायचं, पूल ओलांडून सुवालीच्या समुद्रावर जायचं, नाश्ता करून परत यायचं. तोवर मैदानात रक्तदानाचं शिबिर चालतं. दवाखान्यात त्याचा कागद लागला, तेव्हापासून मुलीनं हट्ट धरला. तिची आई माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, ती कुणा बी परक्याच्या मागं बसणार न्हाई. तुमच्या मागंच बसंल. तुमी न्यावं."

मी हो म्हटलं.

रविवारी सकाळी निघताना सासूबाईंनी त्यांच्या अहिराणीत, "हयुहयु जाजो वं," हळूहळू जा, म्हणून बजावलं. नवऱ्यानं चाकांतली हवा पुन्हा दाबून पाहिली. मुलगी मात्र हवेत होती. रात्रभर ती उठून उठून सकाळ झाली का विचारत होती, असं तिच्या आईनं सांगितलं. मंगळवारी रक्त चढवायची पाळी होती, त्यामुळे चेहरा पिवळसर आणि ओठ फिके पडलेले. पण डोळे असे चमकत होते, की फिकेपणाकडे कुणाचं लक्ष जाऊ नये.

मैदानात गाड्या पाहून माझा उरलासुरला धीर गेला. टाकी छातीपर्यंत येईल इतक्या उंच गाड्या, चामड्याची जाकिटं, गुडघ्यांना कवचं. सगळ्यांना रांगेत घेऊन जाणारे एक वयस्कर गुजराती गृहस्थ होते, त्यांचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांनी आम्हाला गोल उभं करून नियम सांगितले. एकमेकांच्या थेट मागे चालायचं नाही. एक डावीकडून, त्याच्या मागचा थोडा उजवीकडून, अशी नागमोडी रांग ठेवायची. पुढच्याला ओलांडायचं नाही. शेजारी यायचं नाही. विनाकारण हॉर्न नाही, इंजिन रेटून आवाज करायचा नाही. खड्डा दिसला तर पाय काढून मागच्याला दाखवायचा. थांबायचं असेल तर डावा हात वर. सिग्नलला रांग तुटली तर लाल दिवा तोडून पळायचं नाही, पुढचे थांबतील. शेवटच्या गाडीवर नारिंगी जाकिटवाला असेल, कुणाचं काही बिघडलं तर तो थांबेल, बाकीच्यांनी चालत राहायचं.

इतरांना हे ऐकून बरं वाटत असावं. मला मात्र प्रत्येक नियमामागे एक अपघात दिसत होता. तो कधीतरी झाला असेल, म्हणूनच तर नियम झाला.

गाडीवाल्यांत एक तरुण होता. काळं जाकीट, सायलेन्सर बदललेली गाडी. काका बोलत असतानाच त्यानं मूठ पिळून एक फटाक्यासारखा आवाज काढला आणि दोन लहान मुलं रडायला लागली. काका त्याच्यावर ओरडले नाहीत. त्याला त्यांनी मागे बसवायला मूल दिलं नाही, एवढंच. नंतर रांग लावली तर तोच नेमका माझ्या मागे. मी काकांना बाजूला घेऊन म्हटलं, माझी जागा बदला, याची मला भीती वाटते. ते हिंदीत म्हणाले, की मुद्दामच ठेवलाय, पुढे सावकाश चालवणारं कुणी असलं की तो आपोआप सावकाश होतो. त्याच्या मागे नारिंगी जाकीट आहेच.

आम्ही निघालो. मुलीनं दोन्ही हातांनी माझी कंबर घट्ट धरली होती आणि तिचं बोलणं चालू होतं. विमानतळाकडे जाणारा मोठा रस्ता लागला, बाजूला उभ्या असलेल्या लोकांनी हात हलवले, तिनंही हलवले. मी ओरडले, हात सोडू नको. "काकू, दरियो क्यारे आवशे?" तिनं विचारलं. समुद्र पुलाच्या पलीकडे, मी म्हटलं. माझं लक्ष आरशात होतं. काळं जाकीट आरशाच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे असायला हवं तिथे, शांतपणे येत होतं. तरी माझे खांदे दुखायला लागले, इतके मी आखडून धरले होते.

मगदल्ल्याच्या अलीकडे केव्हातरी तिचं बोलणं थांबलं. मला ते लगेच जाणवलं नाही. हजिऱ्याच्या कारखान्यांकडे जाणारे ट्रक उजवीकडून एकामागून एक ओलांडायला लागले होते आणि प्रत्येक ट्रकसरशी गाडी हेलकावत होती. पूल चढायला लागलो आणि खालून तापीचा वारा आला. तेव्हा माझ्या पाठीवर काहीतरी जड टेकलं. तिचं हेल्मेट. कंबरेवरची पकड सैल झाली. मी तिला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. हेल्मेट माझ्या पाठीवरून घसरून उजवीकडे कललं, ट्रकांच्या बाजूला.

पोर झोपली होती.

माझा डावा हात आपोआप हँडलवरून सुटला आणि मी तिची दोन्ही मनगटं माझ्या पोटाशी एकत्र धरली. काडीसारखी मनगटं. धरली आणि मग कळलं, की आता माझ्याकडे काहीच उरलं नाही. क्लच डाव्या हाताला. हॉर्न डाव्या हाताला. साइड दाखवायचं बटण डाव्या हाताला. आणि थांबतेय हे सांगायला वर करायचा तोही डावाच. थांबायचं तर गिअर उतरवायला हवा, त्यासाठी क्लच हवा, त्यासाठी तिला सोडायला हवं. न थांबता वेग कमी केला तर वरच्या गिअरमध्ये गाडी गचके देणार, आणि एक गचका तिला खाली टाकायला पुरेसा होता. कठडा डावीकडे, ट्रक उजवीकडे. मला तिची आई दिसायला लागली, खडे चिकटवताना मान खाली घालून बसलेली.

उजवा पाय मोकळा होता. मी मागचा ब्रेक अगदी हलका, दिवा पेटेल इतकाच, दाबायला लागले. दाबायचा, सोडायचा. कुणाला कळेल म्हणून नव्हे, दुसरं करता येण्यासारखं काही नव्हतं म्हणून.

आरशातलं काळं जाकीट हललं. तो रांग सोडून पुढे येत होता. मला वाटलं, आता हा ओलांडणार, पुलावरच, ट्रकच्या आणि माझ्या मधून. मी मनातल्या मनात त्याला नको नको म्हणत राहिले. तो आला आणि माझ्या उजवीकडे, अगदी शेजारी, माझ्याच वेगानं चालायला लागला. मागून येणाऱ्या ट्रकनं जोरात हॉर्न दिला. तो हलला नाही. ट्रकला त्याच्यापासून लांबून जावं लागलं आणि आमच्यापर्यंत त्याचा वारासुद्धा पोचला नाही.

हेल्मेटची काच वर करून तो म्हणाला, "दीदी, रुकना मत. ऐसे ही चलाओ. बच्ची को पकड़के रखो, मैं आवाज़ करता हूँ."

काय करणार ते मला कळलं. दचकून पोरीनं उडी मारली तर? मी मनगटं इतकी आवळली, की नंतर तिथे वळ दिसत होते. त्यानं मूठ पिळली. बंदुकीसारखा आवाज फुटला. तिचं सगळं अंग माझ्या पाठीवर ताठ झालं, गाडी डावीकडे झोकांडली, कठडा जवळ आला आणि मी श्वास धरून हँडल उजव्या हातानं सरळ ठेवलं. मग तिची बोटं माझ्या साडीत रुतली.

"काकू?" ती म्हणाली. "आलो का?"

मी डावा हात हँडलवर नेला. पूल उतरून रुंद जागा दिसताच मी हात वर केला आणि थांबले. तो तरुण पुन्हा मागे, आपल्या जागी गेला होता. नारिंगी जाकिटवाल्यानं माझी गाडी धरली, कारण मला ती उभी करता येत नव्हती. तरुणही थांबला होता; त्याला विचारलं, तुला कसं कळलं. तो म्हणाला, हेल्मेट डोलत होतं. एवढंच बोलून तो पाण्याची बाटली शोधायला लागला.

सुवालीला पोचल्यावर काकांनी सगळं ऐकून घेतलं. रांग मोडल्याबद्दल ते त्याला काही म्हणाले नाहीत. मुलीला ओढणीनं माझ्याशी बांधून न्यावं, असं एका बाईनं सुचवलं. त्या सूचनेला मात्र काकांनी ठाम नकार दिला. बांधलेलं मूल गाडीबरोबर फरफटतं, ते म्हणाले. ज्या मुलांची रक्त चढवायची पाळी जवळ आली आहे ती सगळी परतताना नाश्ता घेऊन आलेल्या टेम्पोत, गटाबरोबरच्या डॉक्टरणीजवळ बसतील, असं त्यांनी ठरवलं. मुलगी रुसली. समुद्र पाहिला, खमण खाल्लं, पण माझ्याशी बोलली नाही.

परत येताना मागची सीट हलकी होती आणि मला वाटलं, भीती संपली. मैदानाच्या फाटकातून आत शिरेपर्यंत तसंच वाटत होतं. टेम्पो कुठेतरी सिग्नलला अडकला होता. फाटकाजवळ मुलांच्या आया उभ्या होत्या आणि त्यांत मुलीची आई. तिनं मला ओळखलं, हसली, आणि मग तिची नजर माझ्या मागे गेली.

माणसाचा चेहरा तसा होताना मी त्याआधी पाहिला नव्हता. ती ओरडली नाही. तोंड उघडं, आवाज नाही, आणि गाड्यांच्या रांगेत ती सरळ चालत यायला लागली. मी गाडी तशीच सोडली, ती पडली. मी तिचे दंड धरून सांगत होते, टेम्पोत आहे, मागून येतेय, बरी आहे. ते तिच्या कानात शिरत नव्हतं. टेम्पो आत येऊन पोरगी खमणाचा पुडा घेऊन उतरली, तेव्हा आईनं धावत जाऊन आधी तिला एक चापट मारली आणि मग तिथेच मातीत बसून पोटाशी धरलं.

पुलावरचं मी मुलीच्या आईला त्याच संध्याकाळी आमच्या दारात बसून सांगितलं. काही वगळलं नाही. मग तिनं विचारलं, "तवा तुमी पोरीचे हात सोडले असते तर तुमाला गाडी थांबवता आली असती न्हवं?" मी म्हटलं, असा विचारच आला नाही. ती उठून आत गेली. त्यानंतर आठवडाभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मला वाटलं, आता हे दार बंद झालं.

त्या मंगळवारी रक्त चढवायला ती पोरीला घेऊन रिक्षानं गेली होती. पुढच्या पाळीला मात्र सकाळीच दार वाजलं. मुलगी हेल्मेट घालूनच उभी होती. मागे आई. "बाई," ती म्हणाली, "हिला मधी बसवा, मी मागं बसते. तीन शिटा चालतील का?"

चालत नाहीत, मी म्हटलं. नियम आहे. पण मला ते म्हणताना रडू आलं. शेवटी मुलगी माझ्या मागे आणि आई शेजारच्या रिक्षात, रिक्षावाल्याला आमच्या बरोबरीनंच चालवायला सांगून, अशा आम्ही दवाखान्यात गेलो. सबंध रस्ताभर मी पोरीला पाढे म्हणायला लावले. सतराच्या पाढ्यात ती अडखळली, की माझा डावा हात क्लचवर घामानं ओला व्हायचा. अजूनही होतो.