दुर्योधनाचा वकील

पेडण्याजवळच्या त्या गावात दिवे गेले की लोक सखारामला फोन लावत आणि विचारत, "दुर्योधना, लाइट खंय गेली रे?" सखाराम वीजखात्यात लाइनमन होता. पण गेली तीस वर्षं देवळापुढच्या दशावतारात दुर्योधन तोच व्हायचा, म्हणून खांबावर चढला तरी तो दुर्योधनच.

दशावतारात संवाद कोणी लिहून देत नाही. गोष्ट ठरलेली, बोलणं ज्याचं त्याने रंगमंचावर उभं राहून जमवायचं. सखारामने या सवलतीचा पुरेपूर फायदा उठवला. मरण्यापूर्वी तो दुर्योधनाची बाजू मांडू लागला. बाप आंधळा, आईने आपणहून डोळे बांधलेले, मग पोराला वळण लावायचं कोणी? जुगार खेळायला धर्मराजाला काय दोरीने बांधून आणला होता? एका वर्षी ही कैफियत इतकी लांबली की भीम झालेला गौरेश गदा मांडीवर घेऊन बाकावर जाऊन बसला. शेवटी पेटीवाल्याने भाता जोराने ओढला, तेव्हा कुठे दुर्योधन मरायला तयार झाला.

पण तो पडला रे पडला की टाळ्यांचा कडकडाट! दरवर्षी तेच. सखाराम त्याने मनातून खट्टू होई. या एवढ्या गावात त्या राजासाठी एक, फक्त एक आसू निघू नये?

"इतकी वकिली तुमी माज्या माहेरच्या जमनीखातीर केली असती," त्याची बायको तारा म्हणे, "तर आज माडांचो बाग आपलो असतो."

यंदा सखारामचा गुडघा गेला. डॉक्टरने उड्या बंद करायला सांगितल्या आणि हा शेवटचा दुर्योधन, असं त्याने जाहीर केलं. आसू मिळाला तर आताच, नाहीतर कधीच नाही. त्यातच लाउडस्पीकरच्या वेळेवर निर्बंध आले म्हणून देवस्थान समितीने रात्रीचा खेळ दुपारी चारला ठेवला. त्यामुळे एक अघटित घडलं. दिवेलागणीलाच झोपी जाणारी त्याची आई पार्वती, वय वर्षं शहाऐंशी, आयुष्यात पहिल्यांदा लेकाचं काम बघायला पहिल्या रांगेत येऊन बसली.

सखारामने त्या दिवशी जीव ओतला. उपयोग शून्य. बायका शेंगा सोलत ऐकत होत्या. त्याचा आवाज बसला, गुडघा ठणकू लागला. कृष्ण झालेल्या गोकुळदासाने आपल्या मांडीवर थाप मारून भीमाला खूण केली, गौरेशने पुठ्ठ्याची गदा दुर्योधनाच्या मांडीवर हाणली आणि सखाराम कोसळला. दुखऱ्या गुडघ्यावरच पडला, त्यामुळे किंकाळी अगदी खरी निघाली.

टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच थांबल्या. पार्वती काठी टेकत रंगमंचावर चढली होती.

"गौरेशा! कमरेखाली मारूचा नाय, ह्या माका म्हातारेक कळता, तुका कळणा नाय?"

गोकुळदासाने मांडीवरचा हात झटकन मागे घेतला. देव झाला म्हणून काय झालं, म्हातारीची काठी वाईट.

"आये, नाटक गे ता," गौरेश कुजबुजला.

"नाटक आसा तां माका ठावक आसा! पण तो पडलो, आनी ही सगळी माणसां टाळयो वाजयतत. तुजी आवय दवाखान्यात होती, तेवा तू म्हयनाभर माज्या घरात ह्याच्याच ताटात पेज जेवलंस. ह्याका मारताना तुका कायच वाटूक नाय?"

मृदंगवाल्याचे हात मांडीत पडले. म्हातारी खाली बसली आणि मेलेल्या राजाचा गुडघा चोळू लागली.

सखारामची मोठी पंचाईत झाली. मेलेल्याने डोळे उघडायचे नाहीत, हा रंगमंचाचा नियम त्याने तीस वर्षं पाळलेला. पण अगदी जवळ कुणीतरी नाक ओढत होतं. न राहवून त्याने एक डोळा किलकिला केला.

गौरेश रडत होता. सहा फुटी भीम, गालांवर काजळाचे ओघळ, गदा कुठल्या कुठे टाकलेली. "चुकला गे आये," म्हणत तो पार्वतीच्या पायाशी बसला. ते पाहून सखारामला जो हुंदका फुटला तो काही केल्या आवरेना, आणि सगळ्या गावादेखत मेलेला दुर्योधन भीमाच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला.